मूळ रंग कोणता? : एका जुन्या ट्रॅक्टरच्या निमित्ताने

या व्याख्यानासाठी विषय कळवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मी 'जुन्या ट्रॅक्टरचा मूळ रंग कसा शोधावा' असे एका ओळीत लिहून पाठविले. दोनच दिवसांनी चिटणिसांचा दूरध्वनी आला. उभा जन्म हस्तलिखितांत आणि पाठभेदांत घालविलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय खरोखरच दिला आहे, की पाकिटांची अदलाबदल झाली आहे, अशी शंका त्यांच्या आवाजात होती. अदलाबदल झालेली नव्हती. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी आम्हांला चित्रकला शिकवीत. पेटीतल्या लाल वडीने जास्वंदी रंगविणाऱ्या मुलाला ते अंगणातले फूल आणून वहीच्या पानावर ठेवायला लावीत, आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे जात. फूल आणि चित्र शेजारी आले की आपला लाल किती खोटा आहे, हे ज्याचे त्याला दिसे. साठ वर्षांनंतर तोच धडा मला एका पत्र्याच्या तुकड्याने पुन्हा दिला.

भालकी तालुक्यातील आमच्या गावी वडिलांनी १९७८ साली एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला, तो इंटरनॅशनल बी-२७५. या ट्रॅक्टरचे कूळ थोडक्यात सांगितले पाहिजे. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकन कंपनी. बी-२७५ हा तिच्या इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील कारखान्याचा नमुना. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. बिदर आणि गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्ह्यांच्या काळ्या रानांत, जिथे तुरीच्या आणि ज्वारीच्या पेरणीआधी खोल नांगरट करावी लागते, तिथे या तांबड्या ट्रॅक्टरने पुष्कळ बैलजोड्यांना विश्रांती दिली. आमच्या ट्रॅक्टरने पंचवीस-तीस वर्षे काम केले आणि मग तो वाड्यातल्या शहाबादी फरशीवर, लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. त्यावर कोंबड्या बसत. नातवंडे सुकाणू फिरवीत.

वडिलांची जन्मशताब्दी जवळ आली तेव्हा धाकटे बंधू आणि पुतण्या यांनी ट्रॅक्टर पुन्हा मूळच्यासारखा करावयाचे ठरविले. यंत्राची दुरुस्ती झाली. तो भाग मला समजत नाही, म्हणून त्याविषयी बोलत नाही. रंगकामासाठी बॉनेट एका कार्यशाळेत पाठविले. चार दिवसांनी ते परत आले तेव्हा आरशासारखे चकाकत होते. फिरत्या यंत्राने जुना रंग लोखंडापर्यंत घासून, पुट्टी भरून, बाजारात 'ट्रॅक्टर रेड' म्हणून मिळणाऱ्या तयार डब्यातला रंग त्यावर मारला होता. मडगार्डांना अजून हात लागलेला नव्हता. बॉनेट जोडून पाहिले आणि सगळे गप्प झाले. लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्याचा कोट कोणी शेतकऱ्याच्या अंगावर चढवावा, तसे ते दिसत होते. आई आज असती तर म्हणाली असती, हा आपला नव्हे.

रंग चुकला, ही दुरुस्त होणारी गोष्ट होती. खरी हानी निराळीच झाली होती. बॉनेटवर जितका जुना रंग शिल्लक होता तितका सगळा धूळ होऊन गेला होता, आणि मूळ रंग कोणता हे सांगणारा तोच मुख्य साक्षीदार होता. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला याची कल्पना चटकन येईल. पोथीची नवी, सुवाच्य नक्कल झाल्यावर जुनी पोथी नदीत सोडण्याची चाल आपल्याकडे होती. नकलेत चूक असेल तर ती पडताळण्याचे साधन मग उरत नाही.

येथून माझा या प्रकरणात प्रवेश झाला. बाकीच्या भागांना कोणी कागदसुद्धा लावायचा नाही, असे मी वडीलकीच्या अधिकाराने सांगितले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की डोळ्यांना दिसणारा रंग मूळ रंग नसतो. त्या काळच्या यंत्रांवरील एनॅमल म्हणजे तेलापासून बनविलेल्या राळेत घोटलेली रंगद्रव्ये. उन्हातील अतिनील किरणांनी ही राळ वरच्या वर कुजते आणि रंगद्रव्याची पूड मोकळी होते. जुन्या ट्रॅक्टरवर बोट फिरविले की बोटाला गुलाबी भुकटी लागते, ती हीच. भडक लाल एनॅमलमध्ये त्या काळी टोल्युइडीन रेड हे सेंद्रिय रंगद्रव्य सर्रास वापरीत. ते स्वस्त आणि तेजस्वी. पण उन्हात टिकण्याच्या बाबतीत दुबळे. त्यात आपल्याकडची धूळ. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, त्याची माती तांबडी. खाली भालकीकडे किंवा आळंदकडे उतरले की काळी माती. भुकटी झालेला रंग स्पंजासारखा असतो, त्यात ही माती मुरते. पठारावरचा ट्रॅक्टर विटकरी दिसतो आणि खालच्या रानातला मळकट जांभळा, जरी दोघे एकाच कारखान्यातून, एकाच रंगात बाहेर पडलेले असले तरी.

असा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसला तर क्षणभर मूळ रंगाची चाहूल लागते आणि पाणी सुकताच ती जाते. पॉलिशने हलके घासल्यास वरची मेलेली पूड निघते आणि खालचा बराचसा जिवंत रंग दिसतो. पण खात्रीलायक नमुना हवा असेल तर ऊन-पावसाला जिथे शिरकावच मिळाला नाही, अशा जागा शोधाव्या लागतात.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्यातल्याच एका कलेची आठवण होते. बिदरीकाम करणारे कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवितात आणि शेवटी ती वस्तू नवसागर व किल्ल्यातील मातीच्या उकळत्या द्रावणात बुडवितात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच पांढरी राहते. ही माती किल्ल्यातल्या अशा जागेची घेतात की जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोचलेला नाही. आम्हांलाही ट्रॅक्टरवर अशाच जागा शोधायच्या होत्या, आणि त्या सापडल्या. मडगार्ड ज्या पट्टीवर बोल्टने आवळलेला असतो, ती पट्टी सोडविल्यावर तिच्याखालची जागा. डॅशबोर्डच्या पाठीमागचा भाग. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाची आतील कड. कंपनीच्या नावाची धातूची पट्टी उचकटल्यावर तिच्या आकाराचा उरलेला ठसा. बॅटरीच्या आसपासची जागा मात्र निरुपयोगी, कारण आम्लाच्या वाफांनी तिथला रंग भाजलेला असतो. इंजिनालगतचे पत्रेही उष्णतेने आणि तेलाने काळवंडतात.

अंधारातला रंग तरी पूर्ण विश्वासार्ह असतो काय? लालाच्या बाबतीत बहुधा होय. पांढऱ्याच्या बाबतीत नाही, आणि हे मला नवीनच कळले. आमच्या ट्रॅक्टरची चाके पांढरट होती. चाकाच्या तबकडीमागे, वॉशरखाली जो रंग सापडला तो चांगलाच पिवळा, जवळजवळ साईसारखा निघाला. पुतण्या म्हणाला, मूळ रंग क्रीमच होता. पण तेलाचे रंग अंधारात राहिले की पिवळे पडतात आणि उजेडात ठेवले की तो पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. आम्ही ती तबकडी आठवडाभर गच्चीवर ठेवली. रंग उजळत गेला आणि ज्या ठिकाणी थांबला तो पांढराच होता, किंचित हस्तिदंती छटेचा. म्हणजे लालासाठी जी जागा खरी साक्ष देते, तीच जागा पांढऱ्यासाठी खोटी साक्ष देऊ शकते.

थर वाचण्याची एक साधी रीत आहे. सुमारे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोलाकार घासत जायचे, मध्यभागी लोखंड दिसेपर्यंत. कड हळूहळू उतरती झाली की झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात. आमच्या मडगार्डवर पाच वलये निघाली. सर्वांत आत लोखंड, मग राखी प्रायमर, मग एक नारिंगी झाक असलेला लाल, मग धुळीची केसासारखी काळी रेघ, मग गडद लाल. ती रेघ महत्त्वाची. एकाच वेळी दिलेल्या दोन हातांमध्ये धूळ बसत नाही; धूळ आहे, म्हणजे मध्ये वर्षे गेली आहेत. गडद लाल हा आमच्या वडिलांनी किंवा आधीच्या मालकाने मागाहून दिलेला. आतला नारिंगी लाल कारखान्याचा. हे काम करताना एक दक्षता अवश्य घ्यावी. जुन्या एनॅमलमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कायद्याने मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून; त्यापूर्वीच्या रंगाविषयी निश्चिंत राहू नये. कोरडे घासू नये, तोंडाला जाड मुखपट्टी बांधावी, आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

थर उतरविण्याची कल्पना आपल्या समाजाला तशी अनोळखी नाही. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढण्यात आले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या रूपाच्या आत निराळेच रेखीव रूप असल्याचे भाविकांना दिसले. शेंदूर म्हणजे तरी काय, शिशाचाच एक ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना पहिला हात शेंदराचाच देत असत.

नमुना हाती आला. आता तो रंगाऱ्याला सांगायचा कसा? भालकीच्या ज्या उस्तादांकडे आम्ही पुढे गेलो, त्यांनी पहिलाच प्रश्न दखनीत केला, "कौनसा लाल होना, सर?" मी शब्दांचा माणूस, मला वाटले, येथे तरी आपण उपयोगी पडू. तांबडा हा शब्द ताम्र या शब्दावरून आला, म्हणजे मुळात तांब्याचा रंग. त्या तांबड्यात माती बसते, गाय बसते, पहाट बसते. तांबडे फुटते असे आपण म्हणतो, लाल फुटते असे म्हणत नाही. हिंगुळी पाऱ्याच्या खनिजाची. किरमिजी एका किड्याची. डाळिंबी, शेंदरी, गुलबाशी, अबोली ही सगळी वस्तूंची नावे आहेत. शेजारच्या आळीत कानडी बोलणारा गडी या सर्वांना मिळून 'केंपु' म्हणतो आणि त्याचे काही अडत नाही. मी उस्तादांना सांगितले, शेंदरीकडे झुकणारा तांबडा. त्यांनी मान डोलावली आणि जो रंग कालवून दाखविला तो आमच्या नमुन्याच्या जवळपासही नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे देवळातला शेंदूर होता, त्यांच्या डोळ्यांपुढे बाजारातला शेंदरी डबा. आयुष्यभर ज्या शब्दांवर पोट भरले ते असे निरुत्तर झालेले पाहून मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो.

ही अडचण उद्योगजगताला फार पूर्वी जाणवली होती. जर्मनीत १९२७ साली रंगांना क्रमांक देणारी 'राल' ही पद्धती सुरू झाली, ती चाळीस रंगांनिशी. ब्रिटिश मानकांत बीएस ३८१ सी आले. आपल्याकडे भारतीय मानक 'आयएस ५' आहे. त्यात सिग्नल रेड ५३७ आणि पोस्ट ऑफिस रेड ५३८ असे शेजारी शेजारी उभे आहेत. टपालपेटीचा लाल आणि सिग्नलचा लाल हे दोन निराळे रंग आहेत, हे मला वयाच्या सत्तरीत कळले. शेड कार्ड घेऊन नमुन्याशी ताडून पाहणे हा म्हणून पहिला उपाय. परंतु कार्डही कागदच. दुकानाच्या दारात लटकलेले कार्ड उन्हाने उडालेले असते. ते आतल्या खणातून काढायला सांगावे.

आता मोठ्या शहरांतून, आपल्याला जवळ म्हणजे सोलापूर किंवा हैदराबाद, मोटारींचे रंग विकणाऱ्यांकडे हातात धरण्याचे रंगमापक यंत्र असते. नमुन्यावर ठेवले की ते परावर्तित प्रकाश मोजते आणि कोणती द्रव्ये किती घालावी, याचा हिशेब संगणक देतो. यंत्र उत्तम, पण ज्या जागेवर ठेवाल त्याच जागेचा रंग ते सांगणार. मेलेल्या भुकटीवर ठेवले तर मेलेल्या भुकटीचा बिनचूक रंग मिळेल. आम्ही हत्यारपेटीचे झाकणच काढून नेले, पॉलिश करून. यंत्राने दिलेले प्रमाण सुरुवातीसाठी चांगले होते. शेवटचा पल्ला उस्तादांच्या डोळ्यांनी गाठला.

तो कसा, हे पाहण्यासारखे होते. लाल फार भडक वाटला तर नवशिका काळा घालतो. काळ्याने लाल मळतो, चॉकलेटीकडे जातो. पांढऱ्याने तो गुलाबी होतो. उस्ताद नारिंगी आणि मरून असे दोनच डबे जवळ ठेवीत आणि काडीच्या टोकाने थेंब टाकीत. मी हट्ट धरला की थेंब नव्हे, वजन. किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि प्रत्येक मिश्रणाचे ग्रॅम वहीत लिहिले. दर खेपेला पत्र्याच्या पट्टीवर आधी राखी प्रायमर, मग स्प्रे गनने दोन हात. कारण पातळ हातातून खालचा प्रायमर बोलतो, आणि तांबड्या ऑक्साइडवर मारलेला लाल राखी प्रायमरवर मारलेल्या लालासारखा दिसत नाही. ब्रशाचा आणि गनचा हातही एक दिसत नाही. ओला रंग जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. पूर्ण वाळू द्यावे, मगच ताडून पाहावे. चौथ्या पट्टीला मी हो म्हणालो होतो. उस्ताद नाही म्हणाले. सकाळी ती पट्टी बाहेर नेली तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर ठरले. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात निराळे पडले, कारण दोहोंतली रंगद्रव्ये निराळी होती आणि निराळ्या उजेडाला ती निराळे उत्तर देतात. म्हणून तुलना नेहमी दिवसाच्या मोकळ्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे. दोन्ही पत्रे कडेला कड लावून. आणि जवळपास लाल भिंत किंवा हिरवे झाड नसेल अशा जागी. सातवी पट्टी जुळली.

चकाकीचा प्रश्न राहिला. हल्लीचे पॉलियुरेथेन रंग जुन्या एनॅमलपेक्षा कितीतरी अधिक तुकतुकीत. तोच लाल जास्त चकाकला की अधिक गडद, अधिक ओला दिसतो. आम्ही साधे सिंथेटिक एनॅमलच वापरले. ते लवकर फिके पडेल. पडू द्या.

छायाचित्रांवर कितपत भिस्त ठेवावी, असे पुष्कळजण विचारतात. आमच्याकडे १९८५ च्या सुमाराचे एक रंगीत छायाचित्र आहे, ट्रॅक्टरवर वडील आणि बाजूला मी. त्यात ट्रॅक्टर किरमिजी आहे. पण वडिलांचे धोतरही गुलाबी आहे. त्या काळच्या छापांतला निळसर-हिरवा घटक आधी उडतो आणि सगळे चित्र तांबूस होते. छायाचित्राने पट्टे कुठे होते, नाव कुठे होते, चाके पांढरी होती की लाल, एवढे विचारावे. रंगाची छटा विचारू नये.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक माजी विद्यार्थी घरामागच्या बागेत गवत कापण्याचे छोटे जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला मी हे कळविले तेव्हा त्याने उलट विचारले, सर, मूळ म्हणजे कोणत्या वर्षाचे? प्रश्न मार्मिक होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे शेतीचे ट्रॅक्टर १९३६ च्या अखेरीपर्यंत राखी होते. मग ते लाल झाले. तिनेच १९६० साली काढलेला कब कॅडेट हा बागेचा ट्रॅक्टर मात्र पिवळा-पांढरा. फर्ग्युसनचा इंग्लंडमधील टीई-२० राखी, त्यानंतरच्या ३५ चे पत्रे राखी आणि इंजिन सोनेरी, आणि मॅसीशी सोयरीक झाल्यावर तोच ३५ लाल. जॉन डीअर म्हणजे हिरवा-पिवळा, अशी आपली समजूत. पण त्याच कंपनीने १९६९ साली बागेचे काही ट्रॅक्टर पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, निळे आणि पिवळे बॉनेट घालून विकले. असा निळा बॉनेट पाहून कोणी मागाहून रंगविला असावा या समजुतीने हिरवा करून टाकला, तर अस्सल वस्तू पुसली जाते. म्हणून आधी चासी क्रमांकावरून वर्ष ठरवावे, आणि मगच थर वाचावेत.

आमच्यापुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. डाव्या मडगार्डवर, त्या गडद लालावर, गावच्या एका रंगाऱ्याने पांढऱ्या अक्षरांत 'आईवडिलांची पुण्याई' असे लिहिले होते, आणि खाली वडिलांचे नाव एका ओळीत मराठीत, दुसऱ्या ओळीत कानडीत. कारखान्याच्या रंगाशी प्रामाणिक राहायचे तर ही अक्षरे जाणार. बंधू म्हणाले, दादा, तुम्हीच म्हणता ना, मूळ ते मूळ? पुतण्याने सुचविले की फोटो काढून तीच अक्षरे नव्या रंगावर पुन्हा लिहून घेऊ. यावर आठवडाभर घरात वाद झाला, आणि तो सगळाच सौम्य नव्हता. माझे म्हणणे असे की कांदिवलीचा लाल सात पट्ट्यांनंतर पुन्हा करता आला. त्या रंगाऱ्याचा हात, जो आता या जगात नाही, कोणत्या काट्यावर तोलणार? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती मागाहून घुसलेले पाठ दूर करण्यासाठी. पण पोथीच्या समासात कोणा वाचकाने केलेली नोंद आम्ही अभ्यासक पुसत नाही. ती समासातच राहू देतो.

शेवटी बॉनेट, उजवा मडगार्ड आणि बाकीचा सांगाडा कारखान्याच्या नारिंगी-लालाने रंगविला. डावा मडगार्ड केवळ धुतला, मऊ फडक्याने पुसला आणि मेणाचा एक हात दिला. दोन लाल शेजारी दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, काम अर्धे राहिले का. उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला पाच वलयांची ती नाण्याएवढी जागा आम्ही तशीच उघडी ठेवली असून तिच्यावर फक्त पारदर्शक वार्निश दिले आहे. सातव्या पट्टीचा तुकडा, ग्रॅमचा हिशेब लिहिलेला वहीचा कागद आणि रंगकामाची तारीख हत्यारांच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. कागदावर मराठीत आणि कानडीत, दोन्ही लिप्यांत, लिहिले आहे. पुढे पेटी कोण उघडील, हे सांगता येत नाही.